मुलीच्या कॅसिनोच्या गेटवर

माझ्या मुलीला कॅसिनो काढायचा होता, आणि त्यासाठी तिला एक सज्जन माणूस हवा होता. आमच्या ओळखीत सज्जन माणसं ढिगाने आहेत, पण त्यातला एकही जण कॅसिनोच्या कागदावर सही करायला तयार होईना. शेवटी ती एका रविवारी पुण्याबाहेर मांजरी गावात आमच्या घरी आली, पोहे खाल्ले, पुन्हा मागून घेतले आणि आईला म्हणाली, "मस्त झालेत हं." तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण मोठं आहे. आमची मुलगी कौतुक करण्यातली नाही. तो गुण माझ्याकडून गेलाय.

"बाबा, तुमच्यावर कधी पोलीस केस झालीये?" तिने विचारलं.

"अगं ए!" ही स्वयंपाकघरातून ओरडली. "बापाला काय विचारतेस हे?"

"कुणाला फसवलंय? दिवाळं काढलंय? पत्ते, मटका, रेस?"

"नाही," मी म्हटलं.

"मग झालं तर. तुम्ही माझ्या कॅसिनोत नोकरीला लागताय."

हिने हातातला झारा घेऊनच बाहेर येऊन विचारलं, "कॅसिनो म्हणजे ते गोव्यात बोटीवर असतं ते?" "तेच, पण मोबाईलवर," असं उत्तर मिळाल्यावर ही मटकन खुर्चीत बसली. मग मुलीने सगळं समजावून सांगितलं. कंपनी परदेशातली, कुठल्याशा बेटावरची. लायसन्स देणारं सरकारही त्या बेटाचं. खेळणारे तिकडचे. भारतातून कुणी उघडायला गेलं तर पान उघडणारच नाही, कारण आपल्याकडे बंदी आहे. वकिलाकडून सगळं तपासून घेतलंय. पुण्यात फक्त कॉम्प्युटरचं काम.

"म्हणजे आपल्या पोरांना जे नको, ते लोकांच्या पोरांना द्यायचं," ही म्हणाली.

"आई, मी इतकी वर्षं कंपनीत काय करत होते? हेच गेम लिहीत होते. दुसऱ्यांसाठी. तेव्हा तुम्ही सगळ्या क्वार्टर्समध्ये पेढे वाटले होते."

पेढे वाटले होते हे खरं होतं. ती 'सॉफ्टवेअर'मध्ये आहे एवढंच आम्हाला ठाऊक होतं, आणि तेवढं पेढ्यांना पुरेसं होतं.

आता मी यात कुठे बसतो ते सांगतो. त्या बेटाच्या कचेरीचा नियम असा की प्रत्येक कॅसिनोत खेळाडूंवर लक्ष ठेवणारा एक अधिकारी पाहिजे. कुणी भान सोडून खेळायला लागला की त्याला थांबवायचं, वेळ पडली तर त्याचं खातं काही काळ बंद करायचं. आणि मुख्य म्हणजे, त्याने बंद केलेलं खातं मालकालाही उघडता येत नाही. मुलीने पहिल्या अर्जात आपल्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं नाव दिलं होतं. पण ती कंपनीत भागीदारही होती. कचेरीने अर्ज परत पाठवला. जिला धंद्याचा फायदा मिळणार ती गिऱ्हाइकाला कशाला थांबवेल, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे. पुन्हा अर्ज करायची संधी एकदाच. तोही फेटाळला तर कायमचं दार बंद. मुलीने भरल्या पगाराची नोकरी सोडली होती, हाताखाली चार पोरं घेतली होती. "बाबा, हे गेलं तर मला परत कुणाकडे तरी जाऊन 'यस सर' म्हणावं लागेल," ती म्हणाली. आणि ते तिला या जन्मात जमणार नाही, हे तिच्या बापाला चांगलं माहीत होतं.

मी आयुष्यभर खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात सुरक्षा विभागात होतो. मोठं काही नाही, गेटवर झडती घेणाऱ्यांचा सुपरवायझर. आत दारूचं काम चालतं, तर आगपेटी, लायटर, विडी, सगळं बाहेर. येणाऱ्याने हात वर करायचे आणि खिसे उलटे करून दाखवायचे. साहेब असो नाही तर झाडूवाला, आम्ही सगळ्यांची सारखीच झडती घ्यायचो. माझे सासरे त्याच कारखान्यात होते. आमच्या लग्नानंतर पहिल्याच सोमवारी त्यांच्या पँटच्या चोरखिशात मला आगपेटीतली एकच काडी मिळाली. कान कोरायला ठेवली होती म्हणे. मी त्यांना घरी पाठवलं. जावई म्हणून पहिला दिवाळसण मी आपल्याच घरी, आपल्याच आईच्या हातचा खाल्ला. ही अजून अधूनमधून तो विषय काढते, आणि भांडण कशावरही चालू असो, तो तिला बरोबर जोडता येतो.

तर मी हो म्हणालो. मला या वयात कुणी नोकरीला बोलावलं याचा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. रिटायर झाल्यावर माणूस किती वेळा गॅलरीत उभं राहून समोरच्या शेतातला ऊस बघणार?

पहिलं काम म्हणजे पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. चौकशीला एक तरुण हवालदार घरी आला. हिने चहा केला. त्याने विचारलं, "काका, दाखला कशासाठी हवाय?"

"ऑनलाइन कॅसिनोच्या लायसन्ससाठी," मी म्हणालो.

त्याने कप खाली ठेवला. "काका, हे असं पोलिसाला सांगतात का?"

"मग काय सांगू? विचारलंत म्हणून सांगितलं."

"आमच्याकडे परदेशी नोकरी असं लिहितात."

"हां, नोकरी परदेशी कंपनीत आहे."

"मग कुठल्या देशात जाणार तुम्ही?"

"देशात नाही हो. सदाशिव पेठेत."

मग मी मुलीला फोन लावला, तिने वकिलाला जोडला, वकिलाने कायद्याची कलमं ऐकवली, आणि हवालदार साहेब शेवटी उरलेला चहा पिऊन उठले. जाताना हिला म्हणाले, "काकू, काकांना जरा सांभाळा." दाखला मात्र आला. त्यात माझ्याविरुद्ध काहीही नाही असं लिहिलेलं होतं. मी तो हिला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवला. ही म्हणाली, "माझ्या वडिलांना विचारायला हवं होतं त्यांनी."

मुलीचं ऑफिस सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीत, दोन खोल्यांचं. एका बाजूला दाताचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला स्पर्धा परीक्षेचा क्लास. घरमालक वरच्या मजल्यावर राहायचे. पहिल्या दिवशी जिन्यात भेटले. "आपण नवीन का? या वयात क्लास?" मी म्हटलं, नाही, मुलीच्या ऑफिसात. "तिथे काय चालतं ते मला अजून कळलेलं नाही. विचारलं तर म्हणते गेम. मुलं तर कुठे दिसत नाहीत." मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुलीने मला बाहीला धरून आत ओढलं.

आत गेल्यावर तिने मला नियमावली दिली. खेळाडूंशी कसं वागायचं त्याचं हे भलंमोठं बाड, कुठून तरी तयार मिळालेलं. मी ते दोन दिवसांत वाचून काढलं आणि लाल पेनने निम्मं कापलं. "खेळाडूस सौम्य व स्नेहपूर्ण शब्दांत विश्रांतीचा पर्याय सुचवावा" असं एक वाक्य होतं. मी म्हटलं, हे काय असतं? माणूस बेभान झालाय आणि तुम्ही त्याला पर्याय सुचवताय? आमच्याकडे एकच शब्द होता, 'थांबा'. मुलगी म्हणाली, "बाबा, हा कारखाना नाहीये. इथे काही उडणार नाहीये." मी म्हटलं, "ज्याचं उडतं त्याला विचार."

नियमावली मी कापली तशीच तिने पुढे पाठवली.

कचेरीने मग चाचणी ठेवली. आठवडाभर कॅसिनो नुसता नावाला चालवायचा, पैसेही खोटे. त्यांची माणसं गिऱ्हाईक बनून खेळणार, कधी आणि कोण ते सांगणार नाहीत. चाचणीपुरतं पान इथूनही उघडणार, म्हणून आपल्या पोरांनी आणि त्यांच्या मित्रांनीही खेळायचं, म्हणजे गर्दी दिसेल. मी माझ्या टेबलावर स्क्रीनसमोर बसलो. प्रत्येक खेळाडूची एक ओळ, त्यात तो किती लावतोय, किती वेगाने लावतोय. पहिला दिवस मला काही कळेना. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदम कळलं. चेहरे दिसत नसले तरी माणसं तीच होती. गेटवर जो माणूस उगाच जास्त गप्पा मारतो, जो उगाच घाई करतो, त्याच्या खिशात काहीतरी असतं. इथेही एक जण तसाच घाई करत होता. हरला की दुप्पट लावायचा. पुन्हा हरला की पुन्हा दुप्पट, आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर.

मी त्याला निरोप लिहिला. इंग्रजी माझं कारखान्यातलं आहे, पण पक्कं आहे. "काइंडली गेट अप अँड ड्रिंक वॉटर."

उत्तर आलं, "आय ॲम फाइन."

मी लिहिलं, "एव्हरीबडी सेज सो."

त्याने पुन्हा दुप्पट लावले. मी त्याचं खातं सात दिवसांसाठी बंद करून टाकलं आणि डबा उघडला.

पोळीचा पहिला घास तोंडात असतानाच मुलगी आतल्या खोलीतून धावत आली. चेहरा पांढराफटक. "बाबा, काय केलंत तुम्ही? तो इन्स्पेक्टर होता!"

कचेरीची मेल आली होती. आमच्या तपासनीसाचं खातं बंद झालं आहे, त्यांच्या अजून बऱ्याच चाचण्या बाकी आहेत, कृपया ते लगेच सुरू करावं. चाचणीचा आठवडा संपायला थोडेच दिवस होते. त्यांच्या चाचण्या पूर्ण झाल्या नाहीत तर अर्ज अपुरा ठरणार होता.

"उघडा," मुलगी म्हणाली.

"सात दिवसांनी उघडेल."

"बाबा, ते स्वतः सांगतायत उघडा म्हणून!"

"मी बंद केलं तेव्हा तो भान सोडून खेळत होता. आता तो इन्स्पेक्टर निघाला म्हणून त्याला भान आलं का?"

"अहो, तो नाटक करत होता!"

"मग नाटकातल्या माणसाचं खातं बंद झालंय असं समज."

मी जेवत राहिलो. माझ्या एका बोटाच्या दाबावर पोरीचा सगळा डाव उधळणार होता, हे मला कळत होतं. पण झडतीत सापडलेली वस्तू साहेबाची आहे म्हणून परत खिशात ठेवायची, हे माझ्या हातून होणारच नाही. मी कितीही ठरवलं तरी हात तसा वळत नाही.

मग ती बोलायला लागली. चारही पोरं कानाला हेडफोन लावून भिंतीकडे बघत बसली. "आयुष्यभर हेच केलंत तुम्ही. सहलीला नाही. नाचाच्या क्लासला नाही. लुना नाही. बंगळुरूला नोकरी लागली तर तिकडे नाही. मी कधी काय मागितलं आणि तुम्ही हो म्हणालात, एक तरी दाखवा. दुसऱ्यांचे बाप आधी हो म्हणायचे, मग विचारायचे काय पाहिजे. आणि आज मी हात जोडतेय, बाबा, एक बटण दाबा, तर तेही नाही!"

फार लागलं मला ते. सहल घाटात होती आणि पावसाळा होता, लुनाला ब्रेक धड नव्हते, प्रत्येक 'नाही'ला माझ्याकडे कारण होतं. पण ती यादी तिने इतक्या वर्षांत पाठ करून ठेवली असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, "तू मला काढून टाक आणि दुसरा माणूस नेम. तो उघडेल."

"आता कुठला माणूस!" म्हणून ती आत गेली आणि दार आपटलं. वरून घरमालकांचा आवाज आला, "दार आमचं आहे!"

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. घरी हिने मला फैलावर घेतलं. "माझ्या वडिलांचं ठीक होतं, ते म्हातारे होते, सोसलं त्यांनी. पोटच्या पोरीला तरी सोडा की हो!" मी हिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. हिने टीव्हीचा आवाज वाढवला.

तिसऱ्या दिवशी कचेरीने व्हिडिओवर मुलाखतीला बोलावलं. मुलगी आणि मी, दोघांनाही. मी लग्नाकार्यातला कोट घातला. पडद्यावर एक बाई होत्या, चष्म्यातून बघणाऱ्या, आणि शेजारी एक गोरा, टक्कल पडलेला माणूस. तो म्हणाला, "मी तोच, ज्याला तुम्ही पाणी प्यायला सांगितलंत."

"प्यायलात का?" मी विचारलं.

टेबलाखालून मुलीने माझ्या पायावर पाय दिला. तो म्हणाला, नाही प्यायलो. मी म्हटलं, "मग खातं बंद आहे ते ठीकच आहे."

बाईंनी मला विचारलं, आम्ही लेखी विनंती केली होती, तरीही तुम्ही खातं का उघडलं नाही? मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. गेट, खिसे, आगपेटी सगळं सांगितलं. ज्याची झडती चुकते तो बहुतेक वेळा ओळखीचाच माणूस असतो, म्हणून आम्ही ओळख बघत नाही, असं म्हणालो. कितपत कळलं देव जाणे. त्या लिहून घेत होत्या.

मग त्यांनी मुलीकडे बघितलं. "तुम्ही यांना खातं उघडायला सांगितलं होतं का?"

मालकाने या अधिकाऱ्यावर दबाव आणायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. हो म्हणाली तर नियम मोडला. नाही म्हणाली तर खोटं. मला वाटलं, एकदा, या एकदाच खोटं बोलली तर मी काही बोलणार नाही. मी मान खाली घातली.

"हो," ती म्हणाली. "सांगितलं. ओरडले पण. सगळ्या ऑफिसने ऐकलं."

"आणि?"

"ते ऐकत नाहीत. माझं त्यांनी कधीच ऐकलेलं नाही. म्हणून तर त्यांना नेमलंय."

बाईंनी तेही लिहून घेतलं. मुलाखत संपली. मला वाटलं, संपलंच सगळं. आम्ही दोघं खाली उतरलो, कोपऱ्यावर उभं राहून चहा घेतला, आणि ती स्कूटर काढून गेली आणि मी बसस्टॉपवर गेलो. बसमध्ये मला सारखं वाटत होतं, बाबा रे, एक बटण तर होतं.

लायसन्स आलं. महिन्याभराने आलं, पण आलं. ती उघडायची विनंती खरीच होती की तीही चाचणीच होती, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही, आणि आम्ही विचारायच्या भानगडीत पडलो नाही. मुलीने फोनवर किंचाळून सांगितलं. हिने देवापुढे साखर ठेवली. कॅसिनोसाठी देवापुढे साखर ठेवताना जरा चाचरली, पण ठेवली.

मग मुलगी म्हणाली, "बाबा, एक अट आहे."

अट अशी होती की खेळाडूंवर लक्ष ठेवणारा अधिकारी मालकाचा नातेवाईक असता कामा नये. मी तात्पुरता चालेन, पण लवकरच बाहेरचा माणूस नेमायला हवा. म्हणजे पोरीला लायसन्स मिळालं आणि माझी नोकरी गेली. मी म्हटलं, "नियम बरोबर आहे." मनात मात्र चिडलो. नातेवाईक म्हणून मी कुणाला सोडणार होतो? सासऱ्यांना विचारा म्हणावं! निरोपाला मुलीने ऑफिसात केक आणला. घरमालकांनाही बोलावलं. ते केक खाऊन म्हणाले, "एवढ्यात रिटायर झालात? बरं आहे, झेपत नव्हतं तर."

आता मुलगी माझ्या जागेसाठी माणसं बघतेय. मोठमोठ्या डिग्र्यांची, सूटबुटातली. सगळं विचारून झाल्यावर ती म्हणे प्रत्येकाला शेवटी एकच प्रश्न विचारते, "तुम्ही एका गिऱ्हाइकाचं खातं बंद केलंय. तो माझ्या फार जवळचा आहे. मी मालक आहे आणि म्हणतेय, माझ्यासाठी एकदा उघडा. काय कराल?"

परवा मी घरी मेथी निवडत बसलो होतो, तिचा फोन आला. आवाज दमलेला.

"बाबा, हाही हो म्हणाला."

"पटकन?"

"हसत हसत. 'शुअर मॅम' म्हणाला. आधीचा जरा आढेवेढे घेऊन हो म्हणाला होता. त्याच्या आधीची म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. इतक्या जणांत मला नाही म्हणणारं एक माणूस मिळत नाहीये हो."

"मिळेल," मी म्हटलं. "बघत राहा."

मागे दाताच्या मशीनचा आवाज येत होता.

"लहानपणी मला वाटायचं," ती म्हणाली, "सगळ्यांचेच बाबा असे असतात."

मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की मी फोन कानाला लावून नुसताच बसून राहिलो, एका हातात मेथीची जुडी घेऊन, आणि शेवटी तीच पलीकडून ओरडली, "बाबा, ठेवा आता, पुढचा आलाय!"